भोईरकाका डावीकडे वळत नाहीत

गेल्या हिवाळ्यात आमचे भोईरकाका रोज सकाळी मोटारसायकलला फिरायला नेत असत. मोटारसायकलवरून फिरायला जात, असं वाचू नका. लोक कुत्र्याला नेतात, तसे ते गाडीला नेत. डोक्यात हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली करकचून आवळलेला, हातांत मोजे, आणि इंजिन बंद. दोन्ही हातांनी हँडल धरून काका लंगडत लंगडत गाडी ढकलत चाललेले. वळण आलं की इंडिकेटर चालू. सिग्नल लाल झाला की थांबत, हिरवा झाला की पुन्हा ढकलायला लागत. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला तर हात हलवून त्याला रीतसर साइड देत.

"काका, पेट्रोल संपलं काय?" कुणीतरी विचारायचंच.

"नाय. गाडीला चालवून आनतो. बसून राहिली का सांधे धरतात तिचे."

सांधे खरं तर काकांचे धरले होते. मांडीच्या हाडात रॉड होता. पण हे सगळं सांगायचं तर आधी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते. म्हणून जरा आडवळणाने येतो.

वसंत भोईर हे आमचे घरमालक. सानपाड्यात आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. काका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले, आणि तळमजल्यावर काकींबरोबर राहतात. मुलगी लग्न होऊन खांदेश्वरला. मी साताऱ्याकडचा, रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आणि सहा वर्षं त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आहे.

फिटरकीत तीस वर्षं काढल्यामुळे असेल, पण काकांचा जगातल्या कुठल्याही चालत्या वस्तूवर विश्वास नव्हता. विशेषतः दुचाकीच्या साइड स्टँडवर. सकाळी ते गेटपाशी खुर्ची टाकून बसत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली बघत. कुणाचा स्टँड खाली राहिलेला दिसला की पूर्ण गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडत, "स्टँड!" दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर, कुणाची सुटका नव्हती. एकदा त्यांनी गस्तीवरच्या हवालदाराला ओरडून थांबवलं होतं. एकदा समोरच्या बिल्डिंगमधला नवरदेव हौसेने सजवलेल्या मोटारसायकलवरून लग्नाला निघाला. बेंजो जोरात, मुंडावळ्या उडतायत, आणि काका वरातीत घुसले. "आरं, लगीन हाय म्हनून काय झाला? स्टँड वर घे पयला!"

मी तर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. माझ्या स्कूटरचा स्टँड विसरायची मला जन्मजात खोड. एकदा सासरे मागे बसलेले असताना काका ओरडले आणि वर म्हणाले, "जावई बरा हाय तुमचा, पन ध्यान नाय त्याचा." सासरे रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. तेव्हापासून मी राग मनात धरून होतो.

आता आडवळण संपलं.

त्या रविवारी सकाळी मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दात घासत होतो. खाली काका-काकी कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, काकींची हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. काकी मागे बसल्या. काकांनी किक मारली. आणि मला वरून स्वच्छ दिसलं की स्टँड खाली आहे.

जुनी गाडी. नव्या गाड्यांसारखी स्टँड खाली असला तर इंजिन बंद पडेल अशी सोय तिच्यात नव्हती. मी ओरडलो नाही. तोंडात फेस होता म्हणून नाही. फेस थुंकायला एक क्षण लागतो. मी ओरडलो नाही, कारण मला हसू आलं. वाटलं, जाऊ दे म्हातारा तसाच. नाक्यावर कुणीतरी ओरडेल त्याच्यावर, तेव्हा कळेल.

मी चूळ भरली, चहा ठेवला. चहा गाळेपर्यंत खाली पळापळ सुरू झाली होती.

पुलाखालच्या डाव्या वळणावर गाडी झुकली, स्टँड रस्त्यात अडकला आणि गाडी उलटली. काकांच्या मांडीचं हाड मोडलं, काकींचं उजवं मनगट. त्यांना उचलून रिक्षात घालणाऱ्यांत मीही होतो. काकींचा गजरा रस्त्यावर विखुरला होता.

काका तीन महिने अंथरुणावर होते. भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, कुत्रा आडवा आला. महिन्याभरात त्या कुत्र्याची म्हैस झाली. पुढे पुढे तर म्हैस चुकवताना समोरून डंपर आला, असंही मी ऐकलं. काकी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून शेजारी बसलेल्या असायच्या. पाहुण्यांनी त्यांच्याकडे बघितलं की म्हणायच्या, "मोठी म्हस व्हती." मीही मान डोलवायचो. गुन्हेगार जेवढ्या उत्साहाने मान डोलवतो, तेवढ्या.

मी त्यांच्यासाठी काय नाही केलं! औषधं आणली, डबे पोचवले, वॉकर धरून त्यांना पॅसेजमध्ये फिरवलं. लोक म्हणत, भाडेकरू असावा तर असा. काका माझा हात धरून म्हणत, "पोटचा पोर करनार नाय एवढा करतोस." अशा वेळी मी वॉकरच्या रबरी बुडाकडे बघत राहायचो. स्कूटर मी तेव्हापासून चालवलीच नाही. पाठ दुखते असं सांगून बसने कामाला जात होतो.

काठी सुटली तसं काकांनी गाडी ढकलणं सुरू केलं. पहिले काही दिवस मीही वरून बघून हसलो. मग एकदा गुपचूप मागोमाग गेलो, तेव्हा लक्षात आलं की खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर पोचल्यावर ते गाडी उभी करून तिच्यावर बसतात, इंजिन चालू करतात, पहिला गिअर टाकतात, आणि मग बराच वेळ तसेच बसून पुन्हा इंजिन बंद करतात. उतरून इकडेतिकडे बघतात आणि ढकलत घरी येतात.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. मागून कॅरिअर धरून म्हणायचो, "काका, मी धरलंय. सोडा क्लच."

"धरलास ना?"

"धरलंय."

"नक्की धरलास?"

आठवडाभर हेच. मग एके दिवशी त्यांनी क्लच सोडला, आणि मी लुंगी सावरणाऱ्या माणसासारखा वेडावाकडा मागे धावलो. पंधरा-वीस पावलं गेले असतील. थांबून मागे वळले. हेल्मेटच्या काचेत मला त्यांचे फक्त डोळे दिसले. डोळे ओले होते, पण तोंडाने म्हणाले, "चेन ढिली हाय."

त्यानंतर काका गाडी चालवायला लागले, पण एक अडचण होती. ते डावीकडे वळेनात. उजवीकडे बिनधास्त, सरळ तर काय विचारूच नका. डावं वळण आलं की खांदे ताठ व्हायचे, आणि गाडी सरळ पुढे. आमच्या गेटातून डावीकडे वळलं की लगेच किराणा दुकान. पण काका उजवीकडून अख्ख्या सेक्टरला वळसा घालून, फक्त उजवी वळणं घेत दुकानात पोचायचे. पावशेर साखर आणायला अर्धा तास.

"त्या बाजूला खड्डे हायत," ते म्हणत.

खड्डा एकही नव्हता. पण गल्लीत कुणी काही बोललं नाही. लोक मला एवढंच विचारत, की काकांचं "स्टँड!" ओरडणं का बंद झालं. आता ते गेटपाशी बसत, लोकांच्या पायाखाली बघत, आणि तोंड उघडून पुन्हा मिटत.

ते बघणं मला सहन होईना. एका सकाळी खाडीकडच्या रस्त्यावर कठड्यावर बसलो असताना मी सांगून टाकलं. एका दमात. बाल्कनी, दात घासणं, स्टँड, हसू, सगळं. "काका, मी ओरडलो असतो तर तुम्ही पडला नसता. म्हैसबीस काही नव्हतं, मला माहीत आहे. मी बघितलं होतं."

काका हेल्मेट मांडीवर घेऊन त्याची काच वरखाली करत राहिले. मला वाटलं आता खोली खाली करायला सांगतील. सांगितलं असतं तर बरंच वाटलं असतं.

"तू वरशी बघलास," शेवटी ते म्हणाले. "काकीन् खालशी बघलान. नाक्याच्या आधी बोलली मना, अवो, खाली कायतरी घासतंय, स्टँड बघा. मी काय बोललो ठाव हाय? बोललो, तू मना गाडी शिकवतेस? तीस वरसा फिटर व्हतो मी. नि मुद्दाम जोरात काढली."

त्यांनी हेल्मेटची काच खटकन बंद केली.

"तू वरडला असतास ना सुनील, तरी मी तुना तेच बोललो असतो."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तीन महिने मोडक्या हातान् मना न्हाऊ घातलान. म्हस म्हनालो, म्हस बोलली. डंपर म्हनालो, डंपर बोलली. एकदा जरी बोलली असती ना, बघा, मी सांगलेला, तर मी सुटलो असतो. पन नाय बोलली. कोनाला नाय."

मी पाण्याची बाटली पुढे केली. परत निघताना मी मागे बसलो. चौकात काकांनी दोन्ही पाय रस्त्याला टेकवले आणि बदक चालावं तसे, पाय घासत घासत, डावीकडे वळले. मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी शिवी दिली. काकांनी ऐकली नसावी.

पण काकींना ते मागे बसायला म्हणत नव्हते, आणि काकीही विषय काढत नव्हत्या. काकींची बहीण रबाळ्याला राहते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काकी रोज सकाळी डबा घेऊन माझ्याच बसने जायला लागल्या. बसमध्ये शिरताना त्या उजवं मनगट अजून जपत. आम्ही मागच्या सीटवर शेजारी बसायचो.

सोमवारी तुर्भ्याला मी सहज मागे बघितलं तर बसच्या मागे काका. बस थांबली की ते थांबायचे, निघाली की निघायचे. मागच्यांनी कितीही हॉर्न दिले तरी ओव्हरटेक नाही. रबाळ्याला काकी उतरल्या, बहिणीच्या गल्लीत शिरल्या, तेव्हा काका वळून परत गेले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी काकींना काही बोललो नाही. वाटलं, त्यांना माहीत नसेल.

शनिवारी तुर्भं गेल्यावर काकींनी पुढे बघतच मला विचारलं, "मांगारी हायत का?"

"हो."

"रोज येतात," त्या म्हणाल्या. "मी कंडक्टरच्या बाजूच्या आरशात बघते."

कोपरखैरण्याच्या थांब्यावर त्या उठल्या. डबा माझ्या मांडीवर ठेवला. "बहिनीकडं देशील? आमी मांगशी येताव." आणि उतरल्या.

बस माणसं भरत होती, त्यामुळे मला मागच्या काचेतून सगळं दिसलं. त्यांना येताना पाहून काका गाडीवरून उतरले आणि शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून उभे राहिले. काकी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. दोनच शब्द असतील. मग काकांनी हँडलला अडकवलेली पिशवी उघडली. आत नवं कोरं हेल्मेट होतं, बायकांसाठीचं, लाल. सहा दिवस ते बसच्या मागे दोन हेल्मेटं घेऊन येत होते.

काकींनी ते डोक्यावर चढवून बघितलं, पण अंबाड्यावर अडकून बसलं. खाली जाईना. काकींनी काढून परत दिलं.

मग भर रस्त्यात, थांब्यावरच्या सगळ्या माणसांसमोर, भोईरकाकांनी हातमोजे काढले. हेल्मेट सीटवर ठेवलं आणि काकींच्या मागे उभं राहून अंबाड्यातले आकडे एकेक करून काढायला लागले. काढलेला प्रत्येक आकडा शर्टाच्या खिशात ठेवत होते. काकी डोळे मिटून उभ्या होत्या. पिकलेले केस हळूहळू पाठीवर सुटत होते.

कंडक्टरने घंटी दिली. मी डबा पोटाशी धरून मागे बघत राहिलो.