नाथाजी सुभेदारांची वॉकीटॉकी

"बॅटरी संपायला हे काय तुमचं मोबाईलचं खेळणं हाय? रातभर चार्जिंगला लावली की दोन दिस बघायचं काम न्हाई!" असं नाथाजी सुभेदार पारावर छातीवर हात मारून म्हणाले, आणि दसऱ्याच्या वाहतुकीचा सगळा भार त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला.

भार साधा नव्हता. सातारच्या डोंगराळ अंगाला त्यांचं गाव, खालची वाडी. देवीचं देऊळ वरच्या वाडीत. मधला घाट इतका अरुंद की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला उलटं उतरत पायथ्यापर्यंत यावं लागे! मोबाईलला रेंज म्हणाल तर देवाचं नाव घ्या. दसऱ्याला सगळी नवी-जुनी वाहनं देवीच्या पाया पडायला वर जाणार. म्हणून खाली एक वॉकीटॉकी घेऊन सुभेदार, वर दुसरी घेऊन ज्योतिबा. वरून 'सोडा' आलं की खालून सोडायचं.

ज्योतिबाला मात्र वेगळीच काळजी होती. "सुभेदार, आमची स्वप्नाली बाळंतपणाला आलीया. दिस भरल्यात. कवाबी जीप खाली घालावी लागंल."

"गड्या, शब्द देतो. तू नुसतं बोल, रस्ता मोकळा मिळंल!"

खंडेनवमीला सकाळपासून दोघांनी 'हॅलो हॅलो, ओव्हर' करून बॅटऱ्या पार पिळून काढल्या. दुपारी ज्योतिबा आपला सेट घेऊन वर गेला, म्हणून त्याचा सेट वाचला. कारण संध्याकाळी सुभेदारांनी शस्त्रपूजा मांडली! कोयता, कुऱ्हाड, पाना, फौजेतला पट्टा आणि मधोमध चार्जरवर वॉकीटॉकी. तिला तेल-हळद, ओलं कुंकू, मूठभर अक्षता. शेजारच्या चार्जरवर राखीव बॅटरी होती. तिलाही तोच मान! वर झेंडूची भली जाड माळ.

"आवं, लाईट लागलीया का बघा की," त्यांच्या बायको विजयमालाबाई म्हणाल्या. "माळंखाली काय दिसंना."

"पूजेतलं हत्यार हलवायचं नसतं! खबरदार कुणी हात लावला तर!"

कुणी लावला नाही. सेटबरोबर आलेला, बॅटरीच्या जागी बसणारा, साधे सेल घालायचा रिकामा डबा बाईंनी पूजेत ठेवायला आणला, तर तोही त्यांनी परत पाठवला. "असली म्हातारपणाची काठी आपल्याला लागत न्हाई!"

दसऱ्याला सकाळी सुभेदार कडक इस्त्रीत घाटाच्या तोंडाशी उभे राहिले. पहिली खेप वर गेली, वरची खाली आली. दुसऱ्या खेपेला सेट 'टुक' म्हणाला आणि गप्प झाला. त्यांनी ऐटीत राखीव बॅटरी चढवली. तीही गप्प! उलटी करून बघतात तर चार्जिंगच्या पत्र्यांवर हळदीकुंकवाचा हा जाड लेप, खाचेत तांदूळ. रात्रभर चार्जिंग झालंच नव्हतं.

मागं गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढं यशराजचा नवा ट्रॅक्टर, ऊस बांधून नवरदेवासारखा सजलेला.

"काका, सोडा की! मुहूर्त चाललाय!"

अब्रू जाऊ नये म्हणून सुभेदारांनी मेलेला सेट तोंडाला लावला. "व्हय ज्योतिबा... बरं बरं... थांबवतो, ओव्हर!" आणि यशराजला म्हणाले, "वरून ऑर्डर न्हाई!"

"पर काका, त्यातनं आवाजच आला न्हाई!"

"फौजी आवाज हाय त्यो! सगळ्यांना ऐकू येत न्हाई!"

लोक हसले, मग चिडले, मग हॉर्न वाजवायला लागले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला बाजूला घ्या. पण वर स्वप्नाली होती आणि दिलेला शब्द होता. ते सरळ ट्रॅक्टरपुढं आडवे उभे राहिले. "जायचं आसंल तर माझ्या अंगावरनं जा!"

सेट मेल्याचं ओळखून एक पोरगा सायकलवरून वाडीत खबर देऊन आला होता; तेवढ्यात त्याच्यामागून विजयमालाबाई पदर खोचून धावत आल्या. हातात तोच सेलचा डबा, गच्च भरलेला! निम्म्या वाडीच्या भिंतीवरची घड्याळं त्यांनी बंद पाडली होती. भामाबाईंनी तर टीव्हीच्या रिमोटचेही सेल काढून दिले होते.

डबा बसला. खरखर झाली. आणि ज्योतिबाचा आवाज फुटला, "सुभेदार! आवं कवापास्नं बोंबलतुया! स्वप्नालीला कळा सुरू झाल्यात! जीप सोडू का?"

हॉर्न एकदम थांबले. "सोड! रस्ता रिकामा हाय!" सुभेदार ओरडले. यशराजनं न सांगता ट्रॅक्टर पार शेतात उतरवून जागा केली.

जीप खाली आली, सातारच्या रस्त्याला लागली. दुपारी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप! ज्योतिबा येऊन पायाच पडायला लागला. "तुमी रस्ता धरून ठिवला म्हनून माझी लेक वाचली!" सुभेदारांनी त्याला उठवून विजयमालाबाईंकडं वळवलं. "पाया पडायचं तर हिच्या पड. मी रस्ता धरला, पर बॅटरी मीच मारली हुती." मग त्यांनी बायकोच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "लय उपकार झालं तुझं," ते म्हणाले. बाईंनी पदर डोळ्याला लावला.

संध्याकाळी दोघं सोनं वाटायला निघाले. प्रत्येक दारात एका हातानं आपट्याचं पान, दुसऱ्या हातानं ज्याचा त्याचा सेल परत, आणि मनापासून नमस्कार. आज आख्खी वाडी सुभेदारांना देवासारखी वाटत होती. भामाबाईंच्या दारात तर ते कमरेत वाकलेच.

"भामाबाई, तुमचं ऋण ह्या जल्मात फिटायचं न्हाई!"

भामाबाईंनी पान घेतलं, कपाळाला लावलं. मग सेल उजेडात धरून उलटासुलटा पाहिला.

"ते ऋण ऱ्हाऊ द्या, सुभेदार. ह्यो सेल माझा न्हाई. माझा नवा हुता!"