सुकलाल आप्पांचे दोन ठिपके

सुकलाल आप्पांच्या डोक्यातल्या नव्वद ठिकाणांपैकी दोन ठिकाणांना एकही तार गेलेली नाही, हे गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास शहाद्याजवळच्या कळसाडीत, त्यांच्याच घराच्या ओट्यावर उघडकीला आलं.

उघडकीला आणलं त्यांच्याच मुलीने. चारुलता पुण्याच्या एका संस्थेत मेंदूवर पीएच.डी. करत होती आणि पंधरा दिवसांसाठी घरी आली होती. मेंदूचा कोणता भाग कोणत्या भागाशी संपर्कात असतो ते स्कॅनवरून मोजायचं आणि त्याचं जाळं काढायचं, हे तिचं काम. प्रत्येक भागाचा एक ठिपका. जे दोन भाग एकमेकांशी बोलतात त्यांच्यामध्ये एक रेघ. जाळं काढणारं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर होतं. आजारी मेंदूंशी तुलना करायला निरोगी मेंदूही लागतात, म्हणून दिवाळीनंतर तिने वडिलांना पुण्याला नेऊन त्यांचाही स्कॅन करवून घेतला होता. 'निरोगी' या शब्दाचा आप्पांनी तेव्हापासून गावात भरपूर उपयोग केला होता.

पडद्यावर जाळं उमटलं तेव्हा आप्पांनी चष्मा पुसून ते नीट बघितलं. तेहेतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन म्हणून खांब चढलेला माणूस. त्यांना ते चित्र मुळीच अनोळखी वाटलं नाही.

"हाऊ ते फीडरना नकाशा शे," ते म्हणाले. "पन ह्या दोन डीपी बंद कशा काय शेत?" मोठी तार म्हणजे फीडर आणि तिच्यावरून वस्तीला वीज वाटणारी पेटी म्हणजे डीपी, ही त्यांची भाषा.

चारुलताने पाहिलं. सगळ्या ठिपक्यांना रेघांचे झुबके होते. एकोणऐंशी आणि ऐंशी नंबरचे दोन ठिपके मात्र कोरडे ठणठणीत. ती सावरून बसली.

"आप्पा, ह्या आयकान्या डीपी शेत. एक डावीकडनी, एक उजवीकडनी."

"नकाशा चुकना व्हई."

"सॉफ्टवेअर चुकस नई, आप्पा."

गजराबाई सुपात दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तीस वरीस व्हयनात, मी हाईच सांगी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "तुमना यंत्रले आते समजनं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची दया आली होती. आजवर 'आयकं का?' असं म्हणून त्या नवऱ्याला हाक मारत आणि उत्तर नाही आलं की भांडं आदळत. आता त्या समोर येऊन, दंडाला हात लावून, लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागल्या. न मागता चहा आला. एरवी आप्पांना दहादा सांगूनही पडून राहणारं दळण त्यांनी स्वतः नेलं. रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर दुप्पट तूप पडलं.

आप्पांना चहा आवडला, तूपही आवडलं. पण बंद डीपीचा ठपका मनाला लागला होता.

त्यात गजराबाईंनी ही गोष्ट शेजारच्या मीनाबाईंना सांगितली. "कोनले सांगू नको," असंही सांगितलं. दिवेलागणीपर्यंत सुकलाल आप्पांच्या डोक्यातल्या दोन तारा तुटल्या होत्या. शुक्रवारी सकाळी दूध घालायला गेलेल्या माणसांनी बातमी परत आणली तेव्हा तारा जळालेल्या होत्या आणि वासही आला होता.

शुक्रवारीच दगाभाऊंची विहिरीवरची मोटर बंद पडली. गावात कुणाचाही स्टार्टर बिघडला की आप्पांना बोलावणं यायचं. निवृत्तीनंतर तर तोच त्यांचा मान होता. या वेळी बोलावणं आलं नाही, तरी आप्पा खिशात टेस्टर घालून केळीच्या बागेत पोचले. दगाभाऊ स्टार्टरच्या पेटीसमोर दार अडवावं तसे उभे राहिले.

"आप्पा, बठा. चहा ल्या."

"चहा मंग. पेटी उघाड."

"राग नका मानू, आप्पा. तुमना डोकामा जंप तुटेल शे म्हंतस. आठे तीन फेज शे. मी शहादाथीन वायरमन बलायेल शे."

दोन तारांना जोडणारा तुकडा तो जंप, हा शब्द गावाला आप्पांनीच शिकवला होता. आप्पा बांधावर जाऊन बसले. वायरमन आला, पेटी उघडून त्याने बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि थांबली. पन्नास पावलांवरून आप्पा म्हणाले, "एक फेज गायब शे. फ्यूज दख."

वायरमनने फ्यूज काढून पाहिला. खरंच उडालेला होता.

"कसं वळखं?" त्याने विचारलं.

"आवाजवरथीन."

"अंदाज लागना," दगाभाऊ वायरमनला हळूच म्हणाले. "त्यास्ले आयकू येत नई."

हेही आप्पांना पन्नास पावलांवरून ऐकू आलं.

इकडे घरी चारुलताने तिच्या मार्गदर्शक सरांना ते जाळं पाठवलं होतं. दुपारी सरांचा फोन आला.

"हे विलक्षण आहे," सर म्हणाले. "दोन्ही श्रवणकेंद्रं पूर्ण एकटी पडलेली, आणि माणूस रोजचे व्यवहार करतोय. प्रत्यक्षात त्यांना ऐकू येतं का?"

चारुलता जरा घुटमळली. "आई म्हणते, ते ऐकत नाहीत."

"किती दिवसांपासून?"

"तीस वर्षं."

"लिहून घ्या. घरच्यांची साक्ष फार मोलाची असते. सोमवारच्या बैठकीत आपण याला विशेष प्रकरण म्हणून मांडू. बाहेरचे दोन तज्ज्ञही येणार आहेत."

चारुलताला आनंद झाला आणि त्याची लाजही वाटली. बापाच्या बहिरेपणावर आपला शोधनिबंध उभा राहणार, हे तिला धड गिळवेना. तेवढ्यात आप्पा शेतातून आले, पाय धुतले आणि लॅपटॉपसमोर येऊन बसले.

"चल. लाइन चालानी शे."

"म्हंजे?"

"गावमा अंधार व्हयना की आम्ही लगेच खांबवर चढतस नई. सबस्टेशनपाशीन निंघतस, एकेक खांब तपासत जातस. जठे करंट सरना, तठेच फॉल्ट. तुन्ही लाइन कोठेन निंघस?"

"स्कॅनपाशीन."

"तठेन दखाड."

चारुलता हे करणार नव्हती, कारण सॉफ्टवेअर चुकत नाही यावर तिचा ठाम विश्वास होता. पण बापाचा चेहरा पाहून तिने पहिली फाइल उघडली. स्कॅन स्वच्छ होता. आप्पांनी मान डोलावली. पुढची फाइल: नव्वद भागांमधून आलेले संकेत, नव्वद नागमोडी रेघा. आप्पांनी एकोणऐंशीवर बोट ठेवलं. रेघ छान उड्या मारत होती. ऐंशीही तशीच.

"करंट ते शे आठे. पुढला खांब."

पुढला खांब म्हणजे आकड्यांचा तक्ता. कोणता भाग कोणाशी किती जोडलेला आहे, ते त्यात ओळीने लिहिलेलं. चारुलता खाली सरकत गेली आणि थांबली. एकोणऐंशी आणि ऐंशी या दोन ओळी पांढऱ्याफटक होत्या. एकही आकडा नाही.

"जंप आठे तुटेल शे," आप्पा त्या ओळींवर बोट ठेवून शांतपणे म्हणाले.

चारुलताने फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ती शहाद्याला गेली होती आणि आप्पा ग्रामपंचायतीत होते. बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी स्वयंपाकघराकडे.

"माय, काल तू लॅपटॉपले हात लावा व्हता का?"

"लावा ना," गजराबाई आतूनच म्हणाल्या. "उघडाच टाकी गयथीस. बटनवर पीठ उडेल व्हतं. मी पदरघाई पुसं. मंग मोबाइलमा करतस तशी फुली दाबी. त्यानी काहीतरी इचारं. निळं व्हतं ते दाबी टाकं."

चारुलताने सकाळी निघताना तपासण्यासाठी नेमक्या त्याच दोन ओळी निवडून ठेवल्या होत्या. पुसताना पदराखाली खोडायचं बटण दाबलं जाऊन त्या खोडल्या गेल्या, आणि 'सेव्ह'च्या निळ्या बटणाने ते कायमचं केलं. सॉफ्टवेअर खरोखरच चुकलं नव्हतं. त्याला जे दिलं ते त्याने काढलं.

तिने मूळ संकेतांवरून तक्ता पुन्हा तयार केला आणि जाळं नव्याने काढलं. गजराबाई हात पुसत ओट्यावर आल्या. दोन्ही ठिपक्यांतून रेघांचे जाडजूड झुबके निघाले होते. आप्पांनी पाठ ताठ केली. मीनाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनाही दिसावं म्हणून आप्पांनी लॅपटॉप जरा वळवला.

"नव्वदमा कितवा नंबर शे ह्यास्ना?" गजराबाईंनी विचारलं.

"तिसरा आनि चवथा, माय. एकदम मजबूत."

"म्हंजे समदं आयकू ये."

"समदंच."

"तीस वरीस."

आप्पांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याला आता आधार उरला नव्हता. गजराबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्या दिवशीचा चारचा चहा आला नाही.

चारुलताने सरांना फोनवर खरा प्रकार सांगितला. सरांनी सोमवारच्या यादीतलं विशेष प्रकरण खोडलं. मग त्यांनी विचारलं, "पण मग तुमच्या आईंच्या साक्षीचं काय?"

"तो वेगळा विषय आहे, सर," ती म्हणाली.

संध्याकाळी दगाभाऊ केळीची फणी घेऊन आले. आप्पांची तार शाबूत असल्याची बातमी मीनाबाईंनी तुटल्याच्या बातमीइतक्याच वेगाने पोचवली होती. दगाभाऊंनी माफी मागितली, यापुढे पेटीला आप्पांशिवाय कुणी हात लावणार नाही असं सांगितलं. आप्पांनी ते मोठ्या मनाने स्वीकारलं. त्यांचा मान परत आला होता.

शनिवारी सकाळी आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. शेजारी चारुलता सोमवारच्या बैठकीची तयारी करत होती. आत, दोन भिंतींपलीकडे, गजराबाई चुलीशीच बोलल्यासारख्या पुटपुटल्या, "दळन पडेल शे."

आप्पांनी पेपराची घडी केली, चपला घातल्या, आत जाऊन पिशवी उचलली आणि दाराशी आले.

"चारू, न्याहारी करी ले," गजराबाईंनी हाक मारली. चारुलता पडद्यावरच्या जाळ्यात होती. दुसरी हाक गेली. तिसरी मीनाबाईंच्या घरापर्यंत गेली. चारुलताने पडद्यावरचं पान पुढे सरकवलं.

आप्पा पिशवी खांद्यावर टाकून थांबले. "तिन्हा बी डोकाना फोटो काढाना पडी," ते म्हणाले.

"तिले मी दखस," गजराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी निंघा. गिरनी बंद व्हई जाई."