आत्ता न्हाई. मंग या.

गयामावशी उघड्या दारावरसुद्धा टकटक करायच्या. दार सताड उघडं असो, आतला माणूस समोर दिसत असो, तो "या की" म्हणत असो, तरी आधी दोनदा टकटक, मग एक पाऊल मागे आणि मग खणखणीत आवाजात, "येऊ का?" चादरींच्या कपाटावरही त्या टकटक करायच्या. मी एकदा विचारलं, "मावशी, कपाटात कोण बसलंय?" तर म्हणाल्या, "दादा, सवय एकदा मोडली का मोडलीच. आज कपाट, उद्या पाव्हणा."

जालन्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्यावर आमचं तीन मजली लॉज होतं. बीए झाल्यावर दुसरं काही जमेपर्यंत म्हणून मी तिथे काउंटरवर बसलो आणि सात वर्षं बसलो. गयामावशी खोल्यांच्या प्रमुख. झाडलोट, चादरी, पाणी, सगळं त्यांच्याकडे. मूळच्या कुंभार पिंपळगावच्या. वय पंचावन्नच्या पुढे, उंची कमी, आवाज मोठा. सगळ्या खोल्यांना लागणारी एक चावी त्यांच्या कमरेला असायची आणि ती त्या जवळजवळ कधीच वापरत नसत.

आमच्याकडे बियाण्यांचे एजंट उतरायचे, कोर्टाच्या तारखेला आलेले लोक, दवाखान्यात पेशंट असलेले नातेवाईक, परीक्षेला आलेली मुलं. मावशींच्या लेखी पाहुण्याने आत जाऊन कडी लावली, की तो जालन्यातून वजा झाला. कोण फोनवर रडतो, कोण आरशासमोर भाषण पाठ करतो, हे त्यांना सगळं ठाऊक असे. पण त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नसे. एकदा मी जेवायला गेलो असताना काउंटरचा फोन त्यांनी उचलला. पलीकडची बाई विचारत होती, "आमचे हे तिथं आहेत का?" मावशी म्हणाल्या, "बाई, इथं समदेच कुणाचे तरी 'हे' हायेत. तुमी त्येंनाच फोन लावा."

पाट्यांचं प्रकरण सुरू झालं ते आमच्या मालकांमुळे. मदनशेठ कुठल्याशा लग्नाला हैदराबादला गेले, मोठ्या हॉटेलात राहिले आणि दाराच्या मुठीला अडकवायच्या पाट्या बघून आले. आल्या आल्या त्यांनी लाल प्लास्टिकच्या पाट्या करून घेतल्या. सोनेरी अक्षरं. एका बाजूला 'कृपया त्रास देऊ नये', दुसऱ्या बाजूला 'कृपया खोली साफ करावी'. दोन महिन्यांत निम्म्या पाट्या गायब!

पाहुणेच नेत होते. बियाण्यांच्या एका एजंटाने तर माझ्याजवळ कबूलही केलं. त्याने पाटी घरी झोपायच्या खोलीला लावली होती. बायकोने काही न बोलता ती उलटी केली आणि त्याच्या हातात झाडू दिला.

शेठ भडकले. त्यांनी फर्मान काढलं, की खोली सोडताना प्रत्येकाची बॅग उघडून बघायची आणि हे काम गयामावशींनी करायचं. मावशी त्यांच्या केबिनच्या उघड्या दारावर टकटक करून आत गेल्या.

"शेठ, पाटीवर काय लिव्हलंय?"

"मला वाचता येतं, गयाबाई."

"मंग वाचा की मोठ्यानं."

"कृपया त्रास देऊ नये."

"अन् ती पाटी जाऊ नये म्हून मी पाव्हण्याच्या बॅगंत हात घालू? त्याच्या चड्ड्या-बनियनी उचकू? ह्यो त्रास न्हाई व्हय? पाट्या गेल्या तर जाऊ द्या. पाटीवर लिव्हलेलं ऱ्हाऊ द्या."

"मग नव्या पाट्या कोण आणणार?"

"मी करते."

आणि खरंच केल्या. जुन्या जाड पडद्याचे तुकडे कापले, कडा शिवल्या, वर नाडीचा फास लावला. लिहायचं काम माझ्याकडे. मी 'कृपया' लिहायला घेतलं तर त्यांनी हात धरला. "कृपया न्हाई लिव्हायचं. कृपया म्हणलं का माणसाला वाटतं, थोडं ढकलून बघावं." मग त्यांनी स्वतः मजकूर सांगितला: 'आत्ता न्हाई. मंग या.' मी 'नाही' असं शुद्ध लिहिलं, तर तो तुकडा बाद! "दादा, तुमच्या 'नाही'ला जोर न्हाई. माझं 'न्हाई' म्हंजी बिलकुल न्हाई."

या पाट्या तर लाल पाट्यांपेक्षा जल्दी पळायला लागल्या. शेठ कपाळाला हात लावायचे. मावशी पुढचा पडदा कापायला घ्यायच्या. "नेऊ द्या," म्हणायच्या, "घरोघरी गरज हाय."

अशात एका उन्हाळ्यात आठ नंबरच्या खोलीत मनीषा नावाची मुलगी उतरली. धावडा गावची, तेविशीची, एकटी. दुसऱ्या दिवशी तिचा सरकारी भरतीचा पेपर होता. पेपरच्याच दिवशी साडेबाराच्या सुमारास चार माणसं काउंटरवर आली. पुढे होते तिचे काका, भरघोस मिशीवाले.

"आमची पोरगी इथं उतरली. आज तिला बघायला पाव्हणे येऊन राह्यलेत अन् ही परीक्षेचं खूळ घेऊन निघून आली. खोली सांगा."

मी म्हणालो, "तसं सांगता येत नाही." पण माझं 'नाही' शुद्ध होतं. काकांनी रजिस्टर ओढून घेतलं, नंबर वाचला आणि चौघं जिना चढले. मी मागे धावलो. आठ नंबरची चावी काउंटरवर आलेली नव्हती, म्हणजे मुलगी आत होती, असा माझा हिशेब.

दारावर कापडी पाटी लटकत होती आणि दारासमोर स्टुलावर मावशी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"पोरगी आत हाय ना?" काकांनी विचारलं.

"पाटी वाचा."

"मी तिचा काका हाय."

"असताल. पाटीत काकाला सूट दिलेली न्हाई."

काकांनी मुठीकडे हात नेला. मावशी उभ्या राहिल्या आणि स्टूल आडवं घातलं. "हात लावायचा न्हाई. दाराला बी न्हाई अन् मला बी न्हाई."

वयाने मोठ्या बाईला बाजूला करायचं कसं, हे काकांना कळेना. "बसू मंग," ते म्हणाले, "कव्हातरी बाहेर येईलच की." चौघं जिन्यावर बसले. मावशींनी त्यांना पाणी दिलं. तासाभराने पुन्हा दिलं. त्यांच्यातला एक तरुण कंटाळून अभ्र्यांच्या घड्या घालू लागला. मावशींनी त्याला दोनदा घडी मोडून पुन्हा घालायला लावली.

काकांनी कुणाकुणाला फोन लावले आणि चारच्या सुमारास मदनशेठ स्वतः वर आले. घामाघूम. "गयाबाई, कशाला तमाशा? उघडून द्या."

"शेठ, आज ह्या दाराला चावी लावली, तर उद्या कंच्या दाराला न्हाई म्हणताल? तुमी लॉजचे मालक. आजच्या दिवस खोली तिची हाय. पोरगी सज्ञान हाय, चोरी करून न्हाई आली, पेपर द्यायला आली."

"चावी द्या. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग शांतपणे कमरेची चावी सोडली. मला वाईट वाटलं. अखेर हरल्या, असं वाटलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पण ही चावी मी लावणार न्हाई. तुमच्या हातानं लावा. अन् उद्यापासून मी येत बी न्हाई."

शेठचा हात पुढे होईना. शेवटी काकांनीच चावी घेऊन दार उघडलं. पलंगावर नीट ताणलेली चादर, कोपऱ्यात मुलीची बॅग, खोलीत चिटपाखरू नाही.

"आत तर कोणीच न्हाई!"

"मी कव्हा म्हणलं हाय?" मावशी म्हणाल्या. "मी म्हणलं, पाटी वाचा. घरचे हुडकत येतील म्हणाली, म्हून पोरगी अकरालाच गेल्ती, मागच्या जिन्यानं. दोनला पेपर सुरू झाला, आत्ता सुटला. तुमी दुसरीकडं हुडकत फिरला असता. म्हणून म्हणलं, इथं सावलीत बसलेलं बरं."

काकांचा चेहरा त्यांच्या मिशीखाली कुठेतरी हरवला.

अर्ध्या तासाने मनीषा रिक्षातून उतरली. चौघांना बघून जागीच थांबली. मावशी जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. काका काही बोलणार, इतक्यात घड्या घालणारा तो तरुण पुढे झाला. तो तिचा सख्खा भाऊ होता. म्हणाला, "सोपा व्हता का पेपर?"

"बरा गेला," ती म्हणाली आणि मग रडली.

ते सगळे निघाले तेव्हा मावशी काकांना म्हणाल्या, "पोरीला बोलताल तर मला फोन येणार हाय. नंबर दिलाय मी तिला."

मनीषा त्या वर्षी पास झाली नाही. पुढच्या वर्षी तिचा भाऊच तिला घेऊन आला आणि पेपर होईपर्यंत खाली बाकावर बसून राहिला. आता ती मंठ्याला एका कचेरीत नोकरी करते.

मावशी दुसऱ्या दिवशी खरोखरच आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी शेठ त्यांच्या खोलीवर गेले. दार वाजवून एक पाऊल मागे उभे राहिले म्हणे. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण त्या दुपारी चावी पुन्हा मावशींच्या कमरेला होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मावशींचे गुडघे गेले. जिना चढवेना. गावी परत जायचं ठरलं. शेठनी विचारलं, "गयाबाई, काय देऊ? साडी? भांडी?" मावशी म्हणाल्या, "एक दिवस खोली द्या. पाव्हणी म्हून."

ठरल्या दिवशी सकाळी दहाला त्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन काउंटरसमोर उभ्या राहिल्या. मी रजिस्टर भरलं. नाव, गाव. 'येण्याचे कारण' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर थोडा विचार करून म्हणाल्या, "आराम." त्या बारा नंबरला गेल्या, पाटी लावली, कडी घातली. मी सगळ्यांना ताकीद दिली, की वरच्या मजल्यावर बादलीसुद्धा सरकवायची नाही.

सव्वा तासात मावशी खाली आल्या आणि बाकावर बसल्या.

"काय झालं मावशी? पंखा बंद पडला?"

"न्हाई. समदं बराबर हाय. चादर माझ्यावानी ताणलेली न्हाई, पण चालतंय."

मग म्हणाल्या, "दादा, तुमी वर आल्ते का?"

"नाही. पाटी होती ना."

"हां. पाटी व्हती." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आमचे घरधनी गेले त्याला अकरा वर्षं झाली. पोरगं सुरतेला. त्याचा फोन येतो सणावाराला. मला वाटलं, इथं तरी..."

"इथं तरी काय?"

"कोणीतरी चुकून हाक मारंल."

मी रजिस्टर मिटलं, दोन चहा सांगितले आणि काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

"सांगा मावशी."

"काय सांगू?"

"काहीही."

मग त्या बोलायला लागल्या. सात वर्षांत मी त्यांच्याकडून त्यांच्याविषयी जेवढं ऐकलं नव्हतं, तेवढं त्या दुपारी ऐकलं. कुंभार पिंपळगावची गाडी चारला होती. ती त्यांनी जाऊ दिली. सहाच्या गाडीने गेल्या.