कणीचे अठरा किलो

"बाबा, आज तरी मी अठरा झाले का?" वजनकाट्यावर श्वास रोखून उभ्या असलेल्या कणीनं विचारलं.

बाबांनी गुडघ्यांवर बसून आकडा वाचला. "सतरा किलो दोनशे. काल होतीस तेवढीच."

"पण काल मी दोनदा जेवले!"

"आणि चाळीसदा जिना चढलीस-उतरलीस," आई केस बांधता बांधता म्हणाली. "फिट्टंफाट!"

जन्मली तेव्हा ती एवढीशी होती म्हणून बाबांनीच तिचं नाव कणी ठेवलं होतं. आता ती पाच वर्षांची व्हायला दोन महिने उरले होते आणि एवढंसं असणं तिला मुळीच खपत नव्हतं. गेल्या रविवारी आत्याच्या घरी तिचा आतेभाऊ लांबू गाडीतून उतरला तो स्वतःच्या हातानं पट्टा सोडून. त्याच्या खाली ऐटदार निळं बूस्टर होतं, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जाड बैठक. मोठी माणसं वापरतात तोच गाडीचा पट्टा त्याच्या खांद्यावरून गेला होता. कणी मात्र पाच पट्ट्यांच्या कार सीटमध्ये, गाठोडं बांधून ठेवावं तशी बसलेली. लांबूनं आत डोकावून विचारलं, "तू अजून बाळाच्याच सीटमध्ये?"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

बाबा पडले मऊ मनाचे. सोमवारी संध्याकाळी ते बूस्टर घेऊनच आले. पण खोक्यावर लिहिलं होतं, 'किमान वजन अठरा किलो', आणि बाबा होते वजनमापे निरीक्षक. शहरभरच्या दुकानांतले काटे तपासणं हाच त्यांचा धंदा. अठरा म्हणजे अठरा. सतरा किलो नऊशे नव्याण्णव ग्रॅमला ते सतराच म्हणायचे, मग समोर दुकानदार असो की पोटची पोर.

आईचं म्हणणं आणखी पुढचं होतं. ती हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. गाडी आपटली की लहान हाडांचं काय होतं, ते ती रोज काचेवर लावून बघत होती.

"किमान म्हणजे त्याच्या आधी नाही," ती म्हणाली. "झाले अठरा की लगेच उचलून बसवा, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या सीटमध्ये ती अजून नीट मावतेय, पट्टे खांद्याला बरोबर बसतायत. आणि बूस्टरवर सगळा रस्ता ताठ बसावं लागतं. लोळायचं नाही, वाकायचं नाही, पट्टा काखेतून काढायचा नाही. ही बया जेवताना तरी एका जागी बसते का?"

"आधी अठरा तर होऊ दे," बाबा म्हणाले.

कणीनं यातलं एवढंच ऐकलं.

मंगळवारी तिनं चार पेले पाणी पिऊन वजन केलं. बुधवारी दोन स्वेटर घालून आली. बाबांनी ते उतरवले. गुरुवारी केस ओले करून आली. काटा सतराच्या पुढे हलेना. आणि शुक्रवारी सकाळी, पोटावर मोठा खिसा असलेला झगा घालून, खिशात दोन्ही हात खुपसून, ती हळूहळू चालत आली आणि काट्यावर उभी राहिली.

"अठरा किलो दोनशे!" बाबा ओरडले.

आई बूट घालता घालता थांबली. "एका रात्रीत एक किलो?"

"वाढीचं वय आहे. काटा खोटं बोलत नाही."

"काटा नसेल बोलत, पण..." आईनं घड्याळ पाहिलं. सातची पाळी होती. "मी संध्याकाळी बघते. तोवर काही बदलू नका!"

तिची पाठ वळली आणि बाबांनी जुनी सीट सोडवून डिकीत टाकली. नियमाला नियम जुळला होता, मग थांबायचं कशाला? कणी बूस्टरवर बसून शाळेत गेली. वाटेत तिनं खिशावरचे हात एकदाही काढले नाहीत. बाबांना वाटलं, किती शहाण्यासारखी बसलीय पोर.

दहा वाजता बाबा एका किराणा दुकानात तपासणीला हजर झाले. दुकानदार जाडजूड, बोलघेवडा. गेल्या वर्षी बाबांनी त्याचा काटा वीस ग्रॅमच्या फरकासाठी बंद करवला होता आणि ते तो विसरला नव्हता. गिऱ्हाइकं भोवती जमली. बाबांनी टेबलावर सरकारी पेटी ठेवली. आत मखमलीच्या खाचांत पितळेची प्रमाण वजनं, सगळी चकचकीत. त्यांच्याशी ताडूनच दुकानातला काटा खरा की खोटा ठरायचा.

बाबांनी खटका दाबून पेटी उघडली. पाच किलो होतं. दोन किलो होतं. एक किलोच्या खाचेत मात्र एक कांदा होता.

बाबांनी पेटी मिटली, पुन्हा उघडली. कांदा तिथंच.

दुकानदारानं मान लांब करून पाहिलं. मग अतिशय अदबीनं तो कांदा उचलून आपल्या काट्यावर ठेवला.

"एकशे ऐंशी ग्रॅम, साहेब," तो म्हणाला. "तुमचं किलो जरा कमी भरतंय."

दुकान हसून हसून लोटपोट झालं. एक बाई हातातली पिशवी खाली ठेवून हसायला लागल्या. बाबांच्या कानशिलांना घाम फुटला. सरकारी वजन हरवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बढती राहिली बाजूला, नोकरीवरच गदा यायची. पेटी रात्री घरीच होती. कांदेही घरचेच. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका रात्रीत एक किलो. अगदी नेमकं एक किलो!

"येतो मी," ते म्हणाले आणि पेटी काखेत मारून धावत सुटले.

"काटा तपासायचा राहिला, साहेब!" दुकानदार मागून ओरडला. "कांदाही राहिला!"

गाडीत बसण्याआधी बाबांनी आईला फोन केला. "शाळेत ये. कणी ठीक आहे. माझं मात्र काही खरं नाही."

शाळेत वेगळाच आनंदीआनंद चालला होता. त्या दिवशी नेमकी मुलांची वजनं घ्यायची होती. आरोग्यसेविका मान खाली घालून वहीत आकडे लिहीत होती आणि दर आकड्यागणिक तिच्या भुवया वर जात होत्या. सोळा मुलं झाली होती आणि प्रत्येकाचं वजन अपेक्षेपेक्षा किलोभर जास्त. वर्गाच्या बाईंनी ही खबर केव्हाच पालकांच्या ग्रुपवर टाकली होती. स्वयंपाकघरातल्या मावशी हातात डाव घेऊन दारात उभ्या होत्या आणि सगळ्यांचं कौतुक झेलत होत्या.

"मी म्हणतच होते," मावशी सांगत होत्या, "मायेनं वाढलं की अंगी लागतं. आता मुख्याध्यापकांनीच ठरवावं, मला मदतनीस द्यायची की नाही ते."

बाबा धापा टाकत आत शिरले. "माझं एक किलो आहे का इथं?"

काट्यावर उभा असलेला गोबरा मुलगा दचकला. त्याच्या सदऱ्यातून काहीतरी निसटलं आणि ठण्णकन फरशीवर आदळलं. काट्यावरचा आकडा एकोणीसवरून अठरावर आला. मुलगा जागचा हललाही नव्हता.

पितळेचं वजन गडगडत मावशींच्या पायाशी जाऊन थांबलं.

"कणी!" बाबा म्हणाले.

वजन करून झालेल्या मुलांच्या रांगेतून कणी पुढे आली. "मी चोरलं नाही, बाबा. त्याच्या जागी कांदा ठेवला होता."

"पण ते बाकीच्यांकडे कसं गेलं?"

"त्यांनाही मोठं व्हायचं होतं," कणी म्हणाली. "मग मी म्हटलं, एकेकानं घ्या आणि झालं की मागच्याला द्या. कुणी भांडलं नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या फोनवर टुंग टुंग चाललं होतं; दोन मुलांच्या वडिलांनी बूस्टर कुठे मिळतं ते विचारलं होतं आणि तिसरे दुकानात पोचलेही होते. आरोग्यसेविकेनं सोळा आकड्यांवर एक लांबलचक रेघ मारली. मावशींनी वजन उचलून बाबांच्या हातात दिलं आणि त्या आत गेल्या. आतून भांडी जरा जास्तच जोरात आदळल्याचा आवाज आला.

तेवढ्यात आई येऊन पोचली, दवाखान्याचा कोट अंगावर तसाच. सगळी हकिगत ऐकताना तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते. रागानं की हसू दाबायला, ते बाबांना कळेना.

"सोळाच्या सोळा पुन्हा करायची," आरोग्यसेविका म्हणाली. "पहिली तुमची मुलगी. खिसे उलटे कर गं, बाळा."

कणीनं खिसे उलटे केले. आतून शेंगदाण्याचं एक टरफल पडलं. ती काट्यावर चढली.

"अठरा किलो दोनशे."

"शक्यच नाही," आई म्हणाली. "हा काटा चुकीचा आहे."

आता मात्र बाबांच्या अंगात निरीक्षक संचारला. त्यांनी पेटी उघडून शाळेच्या काट्यावर आधी पाच किलो ठेवलं, मग दोन, मग दोन्ही. काटा ग्रॅमाला ग्रॅम बरोबर होता. त्यांनी तो तीनदा तपासला आणि मग ते हळूच म्हणाले, "हा बरोबर आहे. म्हणजे घरचा किलोभर कमी दाखवतो."

"घरचा तुम्ही कधी तपासला नव्हता?"

"घरच्यावर कोण संशय घेतं गं?"

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. तिच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकत गेली. "म्हणजे रोज सकाळी मी जे बघत होते..."

"हो."

"त्यात एक किलो..."

"मिळवायचं," बाबा खाली बघत म्हणाले.

"चार वर्षं?" आई म्हणाली. "तरीच तो काटा मला इतका आवडायचा!" आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू तिला एकदम फुटलं. ती हसली तसे बाबाही हसले, आणि आपल्याला आता रागावणार नाहीत हे ओळखून कणी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली.

मग बाबांनी तिथल्याच बाकावर बसून साहेबांना पत्र लिहायला घेतलं. 'कार्यालयीन वजन कन्येच्या खिशातून शाळेत गेले व फरशीवर पडले. तरी ते प्रयोगशाळेत फेरतपासणीस पाठवावे, ही विनंती.' यापेक्षा अब्रूदार वाक्य त्यांना सुचलं नाही.

शाळा सुटल्यावर तिघं गाडीपाशी आली. कणीनं कमरेवर हात ठेवले. "आई, मी खरीखुरी अठरा आहे. वजनवाल्या बाईंनी वहीत लिहिलंय."

"आहेस," आई म्हणाली. "आता दुसरी परीक्षा. घरापर्यंत ताठ बसायचं. हलायचं नाही, वाकायचं नाही. जमलं तर बोलू."

तिनं कणीला बूस्टरवर बसवलं, पट्टा मानेवरून काढून खांद्यावर आणला, पोटावरून ओढून मांड्यांवर घेतला आणि स्वतः शेजारी बसली. गाडी निघाली. कणी पुतळ्यासारखी बसली होती. खिडकीतून एक कुत्रं दिसलं. तिनं फक्त डोळे फिरवले. फुगेवाला दिसला, तिनं डोळेच मिटून घेतले. बाबा आरशातून बघून अभिमानानं फुगत होते.

पण डोळे मिटले ही चूक झाली. पहाटे कुणाच्याही आधी उठून पेटी उघडायची, कांदा शोधायचा आणि मग दिवसभर किलोभर पितळ सांभाळायचं म्हणजे थोडं काम नव्हे. पुढच्या चौकापर्यंत तिची मान डावीकडे गेली. त्याच्या पुढच्या चौकात मानेमागून खांदा गेला, खांद्यामागून कंबर गेली आणि पट्टा गळ्याशी आला.

"बाजूला घ्या," आई हलक्या आवाजात म्हणाली.

बाबांनी मुकाट्यानं गाडी थांबवली, डिकीतून जुनी सीट काढली आणि घट्ट बसवली. कणीला उचलून तिच्यात ठेवलं, पाचही पट्टे लावले. तिनं झोपेतच मान सीटच्या कुशीत टाकली आणि एक समाधानाचा उसासा सोडला. घरी पोचल्यावर बाबांनी तिला अलगद उचलून दिवाणखान्यातल्या कोचावर निजवलं.

दहा मिनिटांनी ती ताडकन उठून बसली.

"बाबा! मी हलले का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मान वळवली. हे तुमचं तुम्हीच निस्तरा, असा त्याचा अर्थ होता. बाबांनी आयुष्यात ग्रॅमभर खोटं माप दिलं नव्हतं. त्यांनी कणीच्या विस्कटलेल्या केसांकडे आणि गालावर उमटलेल्या सीटच्या शिवणीकडे पाहिलं.

"तसूभरही नाही," ते म्हणाले.

कणीनं गंभीरपणे मान डोलावली. तिला ते माहीतच होतं.

"मग बूस्टर आता लांबूच्या धाकट्या बहिणीला देऊन टाका," ती म्हणाली. "उद्यापासून मी पुढे बसणार."