शेजारच्या सीटचा होल्डर

"काचेवर लावायचा, डॅशबोर्डवर लावायचा की एसीच्या जाळीवर?" दुकानदाराने विचारलं.

"शेजारच्या सीटवर," ओळंबाकाका म्हणाले.

दुकानदाराने हातातली खोकी काउंटरवर ठेवली. गाडीची पायपुसणी, सुवासिक बाटल्या आणि मान डोलावणारी प्लास्टिकची कुत्री विकण्यात त्याची हयात गेली होती, पण असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

"सीटवर लावला तर मोबाईल दिसणार कसा, काका?"

"दिसायला नकोय. ऐकायला हवाय."

"मग खिशात ठेवा की."

"खिशातून बायकोचा आवाज आला की गुदगुल्या होतात. तो डाव्या बाजूनेच यायला हवा. कानाच्या उंचीला."

दुकानदाराने काकांकडे जरा निरखून पाहिलं आणि मुकाट्याने काचेवर चिकटणारा होल्डर पुढे सरकवला. "हा घ्या. डावीकडच्या खिडकीला लावा. विमान उडालं तरी सुटणार नाही."

काकांचा धंदा तसबिरींना चौकटी करायचा आणि त्या घरोघर जाऊन टांगून द्यायचा. चौकट केसभर कलली तरी त्यांना दारातूनच कळे. म्हणून, गवंडी भिंतीची सरळ रेघ बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्या ओळंब्याचंच नाव लोकांनी त्यांना ठेवलं होतं. त्यांनी टांगलेलं आजवर काही खाली आलं नव्हतं. एका घराची भिंत खचली तेव्हासुद्धा त्यांची तसबीर उरलेल्या विटेला धरून लोंबत होती, असं ते सांगत.

पण भिंती जेवढ्या पाठ, तेवढेच रस्ते परके. रस्ते बायकोला पाठ. ती शेजारी बसायची आणि बोलत राहायची. "खड्डा आलाय, मागे काच आहे." "आता टाकीपाशी वळा." "अहो, ही टाकी नव्हे, पुढची. ही तर रोजच असते." तिच्या बोलण्याचा धागा धरून गाडी गावभर हिंडे आणि संध्याकाळी घरी येई. काकांना वाटायचं, आपण गाडी चालवतो.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि ती मुलीकडे गेली. आधी म्हणाली, बारसं झालं की येते. मग म्हणाली, बाळाने मान धरली की येते. मग बाळ पालथं पडायला लागलं, आणि पालथं पडलेल्या बाळाला सोडून कोण येतं? दर वेळी काका फोनवर म्हणत, "हो हो, राहा की. माझं काय अडलंय?" असं म्हणून फोन ठेवला की स्वयंपाकघरात जात आणि कुठल्या डब्यात काय आहे ते हुडकत बसत. साखरेच्या डब्यात चहा होता, चहाच्या डब्यात बटणं. "ये" म्हणायला एक अक्षर लागतं. कुठल्याही भिंतीत खिळा ठोकणाऱ्या माणसाच्या गळ्यात ते एक अक्षर रुतून बसलं होतं.

पण संध्याकाळी काम आटोपून निघाले की तिचा फोन यायचा. नातवाला मांडीवर थोपटत ती इकडे रस्ता सांगायची. बाळ झोपायला आलेलं असलं की सांगणं अंगाईतच मिसळून जायचं.

"नीज नीज बाळा, गाडी गेली लांब,
आजोबांना सांग रे, दिव्यापाशी थांब."

काका सिग्नलला थांबायचे. दिवा हिरवा असला तरी थांबायचे. मागचे लोक भोंगे वाजवत आणि पलीकडे बाळ दचकून उठे.

तिचा आवाज नेहमीच्या जागेवरून यावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी हा होल्डर.

पहिला होल्डर पहिल्याच गतिरोधकावर सुटला. फोन सीटखाली घरंगळला आणि तिथून आवाज येऊ लागला, "ऐकताय ना? असे खोल का गेलात?"

"मी नाही, तू गेलीस," काका खाली वाकून ओरडले.

चौकातला पोलीस जवळ आला. एक वयस्कर माणूस आपल्याच सीटच्या बुडाशी तोंड नेऊन "जरा धीर धर, काढतो तुला," असं म्हणतोय, हे त्याने ऐकलं. त्याने काचेवर टकटक केलं, आत वाकून पाहिलं, आणि बाकी काही न विचारता वाहतूक थांबवून काकांना वाट करून दिली.

दुसरा होल्डर एसीच्या जाळीत अडकवायचा होता. तो पडला नाही, पण जाळी मोडून तिच्यासकट हातात आला. शिवाय तोवर काकांना बायको वाऱ्यावर ठेवल्यासारखं वाटत होतं. त्यांनी एसी बंद केला आणि घामाघूम होऊन घरी आले.

तिसरा चुंबकाचा. दुकानदार म्हणाला, "याला तर मी स्वतः लटकेन." काकांनी तो सीटच्या पाठीला लावला. त्याच सीटवर खिळ्यांचा उघडा डबा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. घरी पोचल्यावर पाहतात तो फोनला हनुवटीखाली चांगली घनदाट दाढी आलेली.

"आज आवाज खरखरतोय," बायको म्हणाली.

"तुला खिळे लागलेत," काका म्हणाले, आणि एकेक खिळा चिमटीने काढत तिचं बोलणं ऐकत राहिले. सगळे निघाले तरी त्यांनी आणखी थोडा वेळ फोन तसाच तळहातावर धरला.

त्या दिवशी त्यांना कळलं की हे दुकानात मिळण्यासारखं नाही. आयुष्यभर लोकांची माणसं आपण भिंतीवर टिकवून दाखवली, आणि आपलं एक माणूस आपल्याला सीटवर टिकवता येऊ नये?

त्यांनी आपल्या दुकानात बसून चौकट केली. सागवानी. फोन धक्क्याने हलू नये म्हणून भोवती वीतभर रुंद पट्टी, आत पांढरा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या मधोमध, मागून सरकवून घालता-काढता येईल असा, फोन. सीटच्या डोकं टेकायच्या जागी पितळी पट्ट्या स्क्रूने आवळून त्यावर ती चौकट बसवली, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या उंचीला. वळणावर डुलू नये म्हणून वरून सीटबेल्ट घातला. फोनच्या पडद्यावर बायकोचा फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला, गंभीर, थेट समोर बघणारा. बाकी सगळ्या फोटोंत ती दुसऱ्याच कुणाला तरी "नीट उभे राहा" म्हणत होती. या एकाच फोटोत ती काकांकडे बघत होती. पडदा विझू नये अशी सोयही त्यांनी करून घेतली.

चौकट हलली नाही. गतिरोधकावर नाही, खड्ड्यात नाही. तिचा आवाज डाव्या कानाला, कानाच्या उंचीला आला. "आता टाकीपाशी वळा," ती म्हणाली, आणि काकांना एकदम पुढचं अंधूक दिसू लागलं. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"थांबलात का?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"काच वर करा मग."

काच वरच होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं विलक्षण चांगली वागू लागली. पेट्रोल भरणाऱ्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. दातांच्या डॉक्टरांकडे काका आरसा टांगायला गेले, तर डॉक्टर गाडीपर्यंत सोडायला आले, आत बघितलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कामाची घाई नाही. तब्येतीला जपा." काकांनी विचार केला, आपलं नाव आता चांगल्या घरांत होऊ लागलंय.

इमारतीत तर कहरच झाला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांची हत्यारांची पेटी वर नेऊन देऊ लागले. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "काका, एकटे जेवू नका हो." काका म्हणाले, "एकटा कुठला? जेवताना आम्ही बोलतो की." वहिनींनी तोंडावर पदर घेतला आणि घाईने आपल्या दारात शिरल्या. डबा चांगला होता. काकांनी बायकोला फोनवर तोंड भरून कौतुक सांगितलं.

कोणीच काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं? सीटबेल्ट लावलेल्या तसबिरीकडे बघून माणूस हसतो, मान डोलावतो, मध्येच "बरं बरं" म्हणतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एवढ्या दुःखात बोट घालण्याइतकं निर्दय इमारतीत कोणी नव्हतं.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं, निदान मुलीचं तरी सांत्वन करावं. हे सेक्रेटरी आणि काकांची बायको यांचं पार्किंगच्या जागेवरून वर्षानुवर्षं वाजत होतं. त्यांनी घसा साफ करून मुलीच्या घरी फोन लावला.

"तुमच्या आईंसारखी बाई होणे नाही," ते म्हणाले. "पार्किंगच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं, हे आज मी मोकळ्या मनाने कबूल करतो."

"मुलगी आंघोळीला गेलीये," पलीकडून उत्तर आलं. "मी आईच बोलतेय. पण हे तुम्ही लिहून द्याल का?"

सेक्रेटरींनी फोन ठेवला की टाकला, हे कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी काका निघाले तेव्हा चौकटीतून आवाज आला, "अहो, मी वारले म्हणे."

काकांनी ब्रेक दाबला. "कोण म्हणालं?"

"सगळी इमारत. वहिनींनाही फोन केला मी. बिचाऱ्या किंचाळल्याच. आता सांगा, तुम्ही मला फ्रेम केलंत?"

"पडत होतीस," काका म्हणाले.

"कुठल्या लाकडात?"

"सागवान."

तिला धंदा माहीत होता. जे कधीच उतरवायचं नाही असं गिऱ्हाईक सांगे, त्यालाच काका सागवान वापरत.

"आणि पट्टा कशाला बांधला?"

"वळणावर डुलतेस."

पलीकडे बाळ हुंकारलं. तिने नुसतंच थोपटलं, अंगाई म्हटली नाही. मग हळूच म्हणाली, "वहिनी सांगत होत्या, तुम्ही त्या सीटशी बोलत असता. माझा फोन नसला तरी."

काकांनी स्टीअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "रस्ता विचारतो कधीमधी."

"मला एकदा 'ये' म्हणायला काय झालं होतं?"

"बाळ लहान आहे."

"बाळ लहानच असतं, अहो. उद्याच्या गाडीने निघते. स्टेशनवर या. आणि सरळ या, टाकीपाशी वळू नका."

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी धुतली. तिच्या सामानाला जागा हवी म्हणून मागे ठेवलेली काच, पट्ट्या, खिळ्यांचे डबे, हत्यारांची पेटी, सगळं दुकानात उतरवून ठेवलं. स्टेशनवर ते इतके लवकर पोचले की आधीची गाडी त्यांना तिचीच वाटली, आणि तिच्यातून ती उतरली नाही म्हणून त्यांचं तोंड उतरलं.

ती आली. थोडी वाळली होती, खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग तसाच होता. काकांनी तिच्या हातातली बॅग घेतली. ती त्यांच्या शर्टाच्या चुकीच्या लागलेल्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने पुढचं दार उघडलं.

आत ती स्वतः बसलेली होती. सागवानी चौकटीत, पट्टा लावून, गंभीर.

"पुढे तर कोणीतरी बसलंय," ती म्हणाली.

"काढतो, काढतो." काका वाकले. त्यांनी चौकट ओढून पाहिली. पिळून पाहिली. पाय दाराला टेकवून जोर लावला. स्क्रूड्रायव्हर पेटीत होता आणि पेटी दुकानात होती. काकांनी बसवलेली चौकट आजवर कुठे निघाली होती, जी आज निघेल?

"राहू द्या. सीट उखडाल," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

गाडी निघाली. ती मागून काहीतरी सांगू लागली, पण इतक्या दिवसांत काकांचा कान डावीकडे लागलेला. मागचं त्यांना ऐकूच येईना. "काय? काय म्हणालीस?" असं ते चौकटीला विचारत होते. मग मागे पर्सची चेन वाजली.

चौकटीतला फोन वाजू लागला. पडद्यावर तिचा गंभीर चेहरा आणखी उजळला. काकांनी डाव्या हाताने सवयीने बटण दाबलं.

"पुढच्या वळणाला डावीकडे," शेजारून आवाज आला.

काकांनी मान डोलावली. ते रस्त्याकडे बघत होते, हात स्टीअरिंगवर होते, आणि शेजारी ती होती. मग इतके महिने खिळ्यासारखं रुतून बसलेलं ते एक अक्षर आपसूक सैल झालं.

"कधी येणार गं तू?" त्यांनी चौकटीला विचारलं. "ये ना आता."

"आलेय," ती म्हणाली. आधी मागून ऐकू आलं, मग क्षणभराने शेजारून.

काकांनी आरशात पाहिलं. ती कानाला फोन लावून, पदराच्या टोकाने नाक पुसत त्यांच्याचकडे बघत होती, आणि या खेपेला मुळीच गंभीर नव्हती. बघता बघता डावीकडचं वळण मागे पडलं.

"अहो, वळण गेलं," मागची म्हणाली.

"अहो, वळण गेलं," पुढची म्हणाली.

"जाऊ दे," काका म्हणाले, आणि सरळ जात राहिले.