'मोटर बंद करा'चा दुसरा अल्बम

कोणत्याही बँडचा पहिला अल्बम तारुण्यात होतो आणि दुसरा दुपारी दीड ते पावणेतीनच्या दरम्यान.

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातला 'मोटर बंद करा' हा ऑल्टर्नेटिव्ह डान्स बँड (म्हणजे ज्याच्या गाण्यांवर नाचायचं असतं, पण कसं ते ठरलेलं नसतं) या नियमाला अपवाद नाही. त्यांचा पहिला अल्बम 'गच्ची' गाजला तो गायिका अश्लेषाच्या अकरा सेकंदांच्या आरोळीमुळे. या आरोळीची लेखी दखल सर्वप्रथम खालच्या मजल्यावरच्या मनोरमाकाकूंनी घेतली (तक्रारी तीन, पैकी एक लाल शाईत).

त्यानंतर अश्लेषा आणि तिचा नवरा, ड्रमर विघ्नेश, यांना मुलगी झाली. कु. ईशिका, वय आठ महिने, बँडची सदस्य नाही. फक्त अंतिम निर्णय तिचे असतात. दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग घरातच करायचं ठरलं आणि कामाची वेळ पुढीलप्रमाणे निश्चित झाली: बाळाचे दोन्ही डोळे मिटल्यापासून भंगारवाला गल्लीत शिरेपर्यंत. सरासरी तेवीस मिनिटं.

अडचणींवर शांतपणे मात करण्यात आली. ड्रमऐवजी विघ्नेशने घडी केलेल्या दुपट्यांची चळत वाजवली (वाळलेल्यांचा आवाज टणक, दमटांचा भारदस्त). कीबोर्डवाला शॉन वसईहून यायचा आणि बूट तळमजल्यावरच काढायचा. त्याच्या कीबोर्डच्या बऱ्याच पट्ट्या दाबताना टकटक करत, म्हणून न टकटकणाऱ्या पाच पट्ट्यांवर आठ गाणी बसवण्यात आली. जाणकारांनी पुढे याला 'स्वरांचा संयम' म्हटलं.

नववं गाणं मात्र अश्लेषाने राखून ठेवलं होतं. त्यात शब्द नव्हते, नुसती आरोळी.

"आठ गाणी ईशिकाची," ती म्हणाली, "नववं माझं. आठ महिन्यांत एकदाही मोठ्याने बोलले नाहीये मी, विघ्नेश. शिंकतेसुद्धा उशीत."

अल्बम शनिवारी पाठवायचा होता. शुक्रवारी दुपारी मनोरमाकाकू स्वतःच वर आल्या. "दे इकडे तिला, तासभर मी बघते. आणि तू ओरड गं मनसोक्त. मी नाही तक्रार करणार." (हे लेखी देण्यास मात्र त्यांनी नकार दिला.)

बाळ खाली गेलं. शॉनने महिनाभर अडवून धरलेला खोकला काढून घेतला. अश्लेषा माइकसमोर उभी राहिली. तिने डोळे मिटले, मानेच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला, आणि आवाज आला तो उकळत्या वरणाच्या झाकणाखालून येतो तेवढा.

"अगं, ओरड ना!" शॉन म्हणाला.

"ओरडतेच आहे," ती कुजबुजली.

"बाळ खाली आहे, मॅडम."

"माहितीये. तू हळू बोल."

असे चौदा प्रयत्न झाले. दहाव्यानंतर काकूंचा फोन आला. "कधीची वाट बघतेय मी! पोरगी जागी आहे, मजेत खेळतेय. तुमचं चाललंय काय?"

विघ्नेशने काय चाललंय ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "माझा धाकटा पस्तिशीचा झाला, पुण्याला असतो. मी अजून कपाटाचं दार दाबूनच लावते."

'हळू' हा अल्बम चौदाव्या प्रयत्नासह वेळेत रवाना झाला. समीक्षकांनी (एकूण तीन) तो एकमताने परिपक्व ठरवला. नवव्या गाण्याचा उल्लेख तिघांनीही 'शेवटची विश्रांती' असा केला आहे. आपण त्यात जीव खाऊन ओरडलो, असं अश्लेषाचं म्हणणं आजही कायम आहे.

आता तुमच्याविषयी. हा सगळा मजकूर तुम्ही मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता वाचलात.

तुमच्याकडे कोण झोपलंय?