टोक नसलेल्या माश्या

घरी आलेला पाहुणा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. जेरोम अंकल केसांकडे बघायचे. आखातात, बिन महमूद वस्तीत, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. वसईचे, इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. माझ्या मुलांचं बॅडमिंटनचं फूल त्यांनी पळवलं, जिन्यातल्या मांजरीला कंगवा फिरवला आणि कोंबडीवाल्याला जाऊन म्हणाले, "मुर्गी नहीं भाई, खाली पंख दो." तो बिचारा त्यानंतर त्यांना लांबून बघितलं तरी आत पळे.

हे सगळं माश्यांसाठी. म्हणजे खोट्या माश्यांसाठी. गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून किडा तयार करायचा आणि माशाला फसवायचं. त्यांची लेक लोर्ना कॅनडात, आणि तिचा नवरा ग्लेन तिकडच्या नद्यांवर असल्या माश्यांनी ट्राउट आणि स्टीलहेड हे मासे धरायचा.

"स्टीलहेड समुद्रात जातो, पण आपल्या नदीला विसरत नाही. परत येतो," अंकल सांगत. "हे आमच्या पोरांना कोणीतरी सांगा."

आंटी होत्या तोवर कॅनडाच्या फोनवर त्याच बोलायच्या. त्या वारल्या आणि दर शुक्रवारी रिसीव्हर अंकलच्या हातात आला. लेकीशी काय बोलायचं ते सुचेना, जावयाशी हवापाण्यापुढे गाडी जाईना. एकदा सहज त्यांनी मासेमारीचं विचारलं, तर ग्लेन बोलायचा थांबेचना! तेव्हापासून अंकलच्या जेवणाच्या टेबलाला गळ धरायचा चिमटा लागला आणि जेवण ओट्यावर गेलं.

स्वभाव मात्र कमालीचा घाबरट. सगळी वाक्यं "पण समजा"ने सुरू. माशी पाण्यात कशी दिसते ते बघायला आम्ही अल वक्र्याच्या समुद्रावर निघालो, तर अर्ध्या वाटेत, "पण समजा गॅस चालू राहिला असेल?" गाडी मागे. गॅस बंदच होता. दुसऱ्यांदा निघालो, तेव्हा माश्या घरी राहिल्या.

नात झाली तेव्हा त्यांनी बांधलेल्या माश्यांचं पार्सल कॅनडाला पाठवलं आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले. खुशीत होते. म्हणाले, "सगळ्या गळांची टोकं मी कापून टाकली. पण समजा बाळाच्या बोटाला लागलं तर?"

मी कप खाली ठेवला. "अंकल, मग मासा लागणार कशाला?"

त्यांचा चेहरा उतरला. लहानपण वसईच्या बंदरावर गेलेला माणूस, आणि टोकाशिवाय गळ पाठवून बसला होता! "खलास," ते म्हणाले. "जावई म्हणेल, सासरा येडा आहे. बोलायला तेवढी एकच गोष्ट होती हो आमच्याकडे."

पार्सल पोचेपर्यंत त्यांची झोप गेली. फोन येणार त्या शुक्रवारी मला शेजारी बसवून घेतलं. इंग्रजीत माफी मागायची वेळ आली तर मी मागायची होती. घंटा वाजली तरी उचलेनात. शेवटी मीच उचलून त्यांच्या कानाला लावला.

लोर्नाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "डॅडी, ग्लेन म्हणतो, टोकं कापलीत म्हणजे बाळासाठीच पाठवल्यात. त्याने सगळ्या पाळण्यावर उंच टांगल्यात. पोर एकटक बघत बसते. आणि ती लाल आहे ना, ती दिसली की रडायची थांबते."

"लाल?" अंकलनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "ती तुझ्या मम्मीच्या लुगड्याच्या दोऱ्याची आहे, बाय."

मग मायलेकींच्या जुन्या गोष्टी निघाल्या. मी उठून दार ओढून घेतलं. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंकल आमच्या दारात. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात घडी घातलेलं लाल लुगडं. माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, थोडा पदर कापून द्याल? तेव्हा नुसते सुटलेले दोरे घेतले होते. कात्री लावायला माझा हात होत नाही."

"पण एवढ्या घाईने कशाला, अंकल?" मी विचारलं.

"पण समजा," ते म्हणाले, "ती लाल विरली तर? दुसरी तयार पाहिजे ना."